उठून गेलेला दुकानदार आणि मंदावलेली एसएसडी

सोलापूरच्या पूर्व भागात माझा एक मित्र टॉवेलची डिझाईनं काढतो. जुनी हार्ड डिस्क काढून त्याने एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये माहिती साठवणारा ड्राइव्ह, बसवली, तेव्हा कॉम्प्युटर अक्षरशः पळायला लागला होता. यंदा मे महिन्यात त्याचा फोन आला. डिझाईन सेव्ह करायला घेतलं की कॉम्प्युटर हँग व्हायचा. जाऊन पाहिलं तर ५१२ जीबीच्या ड्राइव्हमध्ये जेमतेम ९ जीबी जागा उरलेली, आणि रीसायकल बिनमध्ये जुन्या डिझाईनचा ढीग.

"डिलीट केलोय की सगळं," तो म्हणाला.

डिलीट करणं आणि जागा रिकामी होणं या एसएसडीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सोलापूरच्या होम मैदानावरची गड्ड्याची जत्रा डोळ्यांपुढे आणा. समजा, तिथे एक अजब नियम आहे. दुकान एकेका जागेवर मांडता येतं, पण झाडलोट करायची तर अख्खी रांग उठवूनच करायची. न झाडलेल्या जागेवर नवं दुकान लावायचं नाही. मग रांगेतली दहा दुकानं गेली आणि नव्वद उरली, तर दहा जागा मिळवण्यासाठी नव्वद दुकानांचा संसार दुसरीकडे हलवावा लागेल.

एसएसडीतल्या नँड फ्लॅश मेमरीचा स्वभाव नेमका असाच आहे. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८७ साली ही मेमरी जगापुढे मांडली. तिच्यात माहिती म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत अडकवून ठेवलेले इलेक्ट्रॉन. लिहिणं होतं 'पेज'च्या हिशेबाने, एक पेज साधारण १६ केबीचं. पुसणं मात्र 'ब्लॉक'च्या हिशेबाने, आणि एका ब्लॉकमध्ये शेकडो पेजेस असतात. पुसताना पूर्ण ब्लॉकला सुमारे २० व्होल्टचा दाब देऊन इलेक्ट्रॉन बाहेर खेचले जातात. वाचायला मायक्रोसेकंद लागतात, तर पुसायला मिलिसेकंद. लिहिलेल्या पेजवर पुन्हा लिहिण्याची सोय नाही.

म्हणून ड्राइव्हमधला कंट्रोलर, म्हणजे तिचा कारभार पाहणारी चिप, नवी माहिती नेहमी कोऱ्या पेजवर लिहितो आणि जुनं पेज बाद झाल्याची नोंद ठेवतो. सवड मिळाली की ब्लॉकमधली कामाची पेजेस दुसरीकडे हलवतो आणि तो ब्लॉक पुसतो. याला गार्बेज कलेक्शन म्हणतात. इथेच मोकळ्या जागेचं मोल कळतं. १०० पेजच्या ब्लॉकमध्ये ५० कामाची असतील, तर ती ५० हलवून ५० नवी जागा मिळते. म्हणजे तुमच्या प्रत्येक पेजमागे प्रत्यक्षात दोन पेजेस लिहिली जातात. ९० कामाची असतील तर तुमची १० लिहिण्यासाठी एकूण १०० लिहावी लागतात, दसपट! वेग तर पडतोच, शिवाय प्रत्येक पुसण्यागणिक कप्पे झिजत असल्याने ड्राइव्हचं आयुष्यही खर्ची पडतं.

आता उठून गेलेल्या दुकानदाराकडे येऊ. हार्ड डिस्कच्या जमान्यात फाईल डिलीट केली की विंडोज फक्त आपल्या वहीत तिच्या नावावर काट मारायची. डिस्कला कळवायची गरजच नव्हती, कारण तिथे जुन्यावरच नवं लिहिता येतं. एसएसडीला मात्र कोणी सांगितलं नाही, तर ती मेलेली फाईलही जिवंत समजून या ब्लॉकमधून त्या ब्लॉकमध्ये वाहत बसते. दुकानदार गावी गेला तरी कमिटी त्याची टेबलं रांगोरांग हलवतेय, तसंच. हे थांबवण्यासाठी 'ट्रिम' नावाचा आदेश आला: या या पत्त्यांवरची माहिती आता नको. २००९ च्या विंडोज ७ पासून तो विंडोजमध्ये आहे. पण फाईल रीसायकल बिनमध्ये असेपर्यंत ती डिलीट झालेलीच नसते, त्यामुळे ट्रिमही होत नाही. मित्राचं घोडं पहिल्यांदा तिथेच अडलं होतं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ते सहसा कोणी सांगत नाही. आजच्या बहुतेक ड्राइव्ह एका कप्प्यात तीन बिट, म्हणजे ० किंवा १ असे तीन आकडे, साठवतात. तीन बिट लिहायचे तर आठ पातळ्यांपैकी नेमकी एक साधावी लागते, आणि ते काम सावकाश चालतं. म्हणून अनेक ड्राइव्ह मोकळ्या कप्प्यांत आधी एकेकच बिट भराभर लिहून ठेवतात आणि नंतर निवांत ते तिनात मुडपतात. डब्यावर लिहिलेला वेग या युक्तीचा असतो. ड्राइव्ह भरत आली की या युक्तीला जागाच उरत नाही.

कंपन्या थोडी जागा आधीच राखून ठेवतात. २५६ जीबीच्या ड्राइव्हमध्ये ही राखीव जागा साधारण ७ टक्के असू शकते. माझ्या मते आपण त्यावर आणखी १५ ते २० टक्के रिकामे सोडावेत.

बिन रिकामी करण्याआधी आम्ही सगळी जुनी डिझाईनं एका हार्ड डिस्कवर उतरवली आणि ती उघडून तपासली. हे मी आग्रहाने करायला लावलं, कारण ट्रिम झालेली फाईल परत मिळवणं जवळपास अशक्य असतं. मग विंडोजच्या 'ऑप्टिमाइझ ड्राइव्हज'मध्ये जाऊन पाहिलं, तर आठवड्याचं वेळापत्रक कोणीतरी बंद करून ठेवलेलं. एसएसडीवर 'ऑप्टिमाइझ' हे डीफ्रॅग, म्हणजे फाईलचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं, करत बसत नाही, मुख्यतः सगळ्या मोकळ्या जागेचा ट्रिम नव्याने पाठवतं. ते वेळापत्रक चालू केलं.

एक सवयही बदलायला सांगितली. काम संपलं की तो लगेच मेन स्विच बंद करायचा, त्यामुळे झाडलोटीला कंट्रोलरला निवांत वेळच मिळत नसे. आता जेवायला जाताना तो कॉम्प्युटर चालूच ठेवतो. परवा गेलो तेव्हा ११० जीबी मोकळी होती, आणि मोराच्या नक्षीचं एक मोठं डिझाईन माझ्यासमोर क्षणात सेव्ह झालं.