दुर्गम प्रदेशांतील वातावरणीय सूक्ष्मप्लास्टिक

वस्ती, कारखाने व मोठे रस्ते यांपासून दूर असलेल्या पर्वतांवर, हिमक्षेत्रांत आणि संरक्षित अरण्यांत वाऱ्याबरोबर येऊन पडणाऱ्या प्लास्टिकच्या बारीक कणांना व तंतूंना ही संज्ञा लावतात. ५ मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकला सूक्ष्मप्लास्टिक म्हणण्याचा प्रघात असला, तरी हवेतून लांबवर जाणारे कण त्याहून पुष्कळच लहान असतात. समुद्रातील सूक्ष्मप्लास्टिकचा अभ्यास आधी सुरू झाला. हवेतूनही ते पसरते याकडे लक्ष वेधले गेले ते पॅरिस शहरात झालेल्या मोजणीनंतर, म्हणजे २०१५ च्या सुमारास.

शहराबाहेरच्या हवेची पायाभूत नोंद मात्र फ्रान्समधील पिरेनीज पर्वतातली आहे. बर्नाडूझ हे तेथील हवामान केंद्र सुमारे १,४०० मीटर उंचीवर असून त्याच्या आसपास मोठे शहर किंवा कारखाना नाही. नोव्हेंबर २०१७ ते मार्च २०१८ या पाच महिन्यांत तेथे संग्राहक ठेवून पाऊस, हिम आणि कोरडी धूळ गोळा करण्यात आली. नमुन्यांतील सेंद्रिय द्रव्य रासायनिक प्रक्रियेने काढून टाकून उरलेले कण रामन वर्णपटाच्या (कणावर लेसर टाकून विखुरलेल्या प्रकाशावरून द्रव्य ओळखण्याच्या पद्धतीच्या) साहाय्याने ओळखण्यात आले, तेव्हा दर चौरस मीटरवर दररोज सरासरी ३६५ कण पडत असल्याचे आढळले. त्यांत सुमारे २४९ तुकडे, ७३ पापुद्रे आणि ४४ तंतू होते. प्रमुख घटक पॉलिस्टायरीन व पॉलिएथिलीन हे होते, म्हणजे वेष्टनांसाठी आणि पिशव्यांसाठी रोज वापरली जाणारी द्रव्ये. वाऱ्यांचे मार्ग मागे मागे शोधत गेल्यावर काही कण ९५ किलोमीटर अंतरावरून आले असावेत असा अंदाज निघाला. या पर्वतात कचरा टाकणारे कोणी नव्हते, आणि तरीही तेथे प्लास्टिक पडत होते, ही गोष्ट या अभ्यासाने आकड्यांत मांडली व म्हणूनच त्याचे महत्त्व टिकून आहे.

कण पातळ, चपटे किंवा धाग्यासारखे असल्यास ते त्याच वजनाच्या गोल कणापेक्षा सावकाश खाली येतात. एकदा ते जमिनीलगतच्या हवेच्या थराच्या वर पोचले, की त्यांचा प्रवास खंडांच्या सीमा ओलांडू शकतो. पिरेनीजमधीलच पिक द्यू मिदी या २,८७७ मीटर उंचीवरील वेधशाळेत गाळलेल्या हवेतही ते सापडले आहेत. त्यांचे उगम अनेक आहेत: कपड्यांचे धागे, झिजलेले टायर, रस्त्यांवरची धूळ, शेतजमीन आणि फुटणाऱ्या बुडबुड्यांबरोबर कण हवेत फेकणारा समुद्र. अमेरिकेच्या पश्चिम भागातील ११ संरक्षित ठिकाणांच्या अभ्यासात (२०२०) दररोज दर चौरस मीटरवर सरासरी १३२ कण आढळले आणि त्या भागातील संरक्षित क्षेत्रांत वर्षाला १,००० टनांहून अधिक प्लास्टिक पडत असावे असा हिशेब मांडण्यात आला. पावसाबरोबर येणारे कण तुलनेने मोठे होते, तर कोरड्या हवेतून दूरवरून आलेले अधिक बारीक होते.

अंटार्क्टिकातील रॉस बेटावरच्या १९ ठिकाणांच्या ताज्या हिमात, वितळलेल्या पाण्याच्या दर लिटरमागे सरासरी २९ कण मिळाले (२०२२). एव्हरेस्टवर ८,४४० मीटर उंचीपर्यंत सूक्ष्मप्लास्टिक आढळले आहे, पण ते सरसकट हवेच्या खात्यावर टाकणे योग्य नाही, कारण त्यात पॉलिएस्टरचे तंतू बहुसंख्य आहेत आणि गिर्यारोहकांचे कपडे, तंबू व दोर हे त्याचे अधिक संभाव्य उगम आहेत.

वेगवेगळ्या अभ्यासांतील आकडे शेजारी ठेवून तुलना करताना फार जपावे लागते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिमाच्या अभ्यासात आर्क्टिकमधील फ्राम सामुद्रधुनीच्या हिमखंडांवर लिटरमागे १४,४०० पर्यंत, तर जर्मनीतील बव्हेरियात एका ग्रामीण रस्त्यालगत १,५४,००० पर्यंत कण मोजले गेले. मात्र त्या पद्धतीत ११ मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) इतके बारीक कणही धरले होते आणि कण जितका लहान, तितकी त्याची संख्या झपाट्याने वाढते. रॉस बेटाचे २९ आणि बव्हेरियाचे दीड लाख हे एकाच मापाने मोजलेले आकडे नव्हेत. शिवाय नमुना घेणाऱ्याच्या अंगावरच्या जाकिटाचा एखादा धागाही त्यात मिसळू शकतो, म्हणून प्रत्येक मोहिमेत कोरे नमुने (हिम वा धूळ न भरता, पण इतर नमुन्यांसारखीच हाताळलेली पात्रे) सोबत नेऊन त्यांत सापडलेले कण हिशेबातून वगळले जातात.