विज्ञानकथा वाचायच्या आहेत? सुरुवात इथून करा

मे महिन्यात नागपुरात दुपारी बाहेर पडणं शक्य नसतं. आमचे सभासद सकाळी दहाच्या आत येऊन आठवड्याची पुस्तकं घेऊन जातात. विज्ञानकथांच्या कपाटापाशी मात्र बरेच जण घुटमळतात. "आम्ही कॉमर्सवाले, आम्हाला समजेल का?" असं हमखास विचारतात. समजेल. लागेल तेवढं विज्ञान चांगला लेखक गोष्टीच्या ओघातच सांगून टाकतो.

पहिलं पुस्तक जयंत नारळीकरांचं घ्या, आणि तेही कथासंग्रह. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली. स्वतःचीच आद्याक्षरं उलटी केली होती! कथेला पहिलं बक्षीस मिळालं.

आमची सर्वात आवडती कथा म्हणजे 'गंगाधरपंतांचे पानिपत'. पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक अशा मुंबईत जाऊन पडतात, जिथे अजून ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार चालू आहे. हे झालं कसं, ते शोधायला ते थेट ग्रंथालय गाठतात आणि स्वतःच लिहिलेल्या इतिहासाचे खंड काढून बसतात. पहिल्या चारांत काहीच फरक नाही. पाचव्यात १७६१ चं पानिपत येतं, आणि तिथे मराठे जिंकलेले! विश्वासरावांचा जीव घेणारी गोळी इथे कानाजवळून निघून गेली आहे. पुढे पुंजसिद्धांत (अणूंच्या सूक्ष्म जगाचे नियम सांगणारी क्वांटम थिअरी) येतो, पण तोवर पुस्तक खाली ठेववत नाही. इतिहासप्रेमी वडीलधाऱ्यांना आम्ही हीच कथा आग्रहाने देतो.

रहस्यकथा आवडत असतील तर बाळ फोंडके वाचा. व्यवसायाने केमिकल इंजिनिअर असलेल्या सुबोध जावडेकरांच्या कथांमध्ये माणसाचं मन जास्त भेटतं. लक्ष्मण लोंढे आणि निरंजन घाटेही आमच्याकडे आहेत.

मुलांसाठी भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न. या फ्रेंच लेखकाने १८६५ मध्येच आपल्या कादंबरीत फ्लोरिडातून तोफेने तीन माणसं चंद्राकडे धाडली होती. १९६९ मध्ये अपोलो ११ चे तिघंही फ्लोरिडातूनच निघाले. हे वाचून झाल्यावर मुलांना रमण विज्ञान केंद्रातलं तारांगण जरूर दाखवा.

इंग्रजीत वाचणाऱ्यांनी आयझॅक असिमॉवचं 'आय, रोबोट' (१९५०) घ्यावं. यंत्रमानवांनी पाळायचे तीन नियम आणि ते नियम अडचणीत आणणाऱ्या नऊ कथा. त्याचं 'फाउंडेशन' थोर आहे, पण पात्रं आणि शतकं भराभर बदलतात, म्हणून ते नंतर.

दहा-वीस पानांत पुस्तक जमलं नाही तर बदलून देऊ. नेताना घरात कोण कोण वाचणार आहे तेवढं सांगा, म्हणजे निवडून देता येईल. नारळीकरांच्या प्रती सुट्टीत लगेच बाहेर जातात. नाव आधी नोंदवून ठेवा.