स्मोक डिटेक्टर : खान्देशातली राहती आणि भाड्याची घरं

स्मोक डिटेक्टर म्हणजे धूर ओळखून बोंब ठोकणारं, छताला लावायचं छोटं यंत्र. बोलताना कोणी त्याला सेन्सर म्हणतं, कोणी अलार्म, आणि अपार्टमेंटचा वॉचमन नुसतं 'ते लाल लाईटवालं'. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत ते दिसतं कुठे तर मोठ्या हॉस्पिटलात, बँकेत, मॉलमध्ये, हॉटेलच्या लॉबीत. राहत्या घरात जवळपास नाहीच. आणि भाड्याच्या खोलीत ते असलंच पाहिजे असा सरळ एका ओळीचा नियम महाराष्ट्रात नाही, जे काही बंधन आहे ते इमारतीची उंची, तिचा वापर आणि जिना-पॅसेज-पार्किंग अशी सामायिक जागा यांच्यावरून ठरतं, म्हणजे नियम जिना चढून वर येतो आणि खोलीच्या दाराशी येऊन थांबतो.

कायदा आहे तो महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६, आणि त्याखालचे २००९ चे नियम. यात कलम ३ महत्त्वाचं, कारण आगीपासून बचावाची साधनं बसवायची आणि चालू ठेवायची जबाबदारी त्यात मालकावर पण टाकलीय आणि जागा वापरणाऱ्यावर पण. साधनं बसवली की लायसन्स असलेल्या एजन्सीकडून 'नमुना अ' हा दाखला घ्यायचा, आणि ती चालू स्थितीत आहेत याचा 'नमुना ब' वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यायचा. नोटीस देऊनही ऐकलं नाही तर पाणी आणि लाईट तोडायला लावायचे अधिकारही त्यात आहेत. जळगाव आणि धुळे या दोन्ही महापालिका २००३ च्या, त्यांचे आपापले अग्निशमन विभाग आहेत, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर, नंदुरबार या गावांत नगरपरिषदेचा बंब असतो. कागद जातात तिथे. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून १० बाळं गेली, त्यानंतर राज्यभर दवाखान्यांच्या फायर ऑडिटची धावपळ झाली आणि 'फायर ऑडिट' हा शब्द आपल्याकडे रोजच्या बोलण्यात आला, पण तो दवाखान्यापुरताच राहिला, घरांपर्यंत फारसा आला नाही.

कुठल्या इमारतीत नेमकं काय बसवायचं याचा तक्ता राष्ट्रीय इमारत संहितेत, २०१६ च्या आवृत्तीच्या चौथ्या भागात मिळतो. संहिता स्वतः कायदा नाही, राज्याच्या आणि शहराच्या नियमांतून ती लागू होते. तिच्यात राहत्या इमारतींचे पोटप्रकार आहेत: लॉज, एक-दोन कुटुंबांचं घर, वसतिगृह, फ्लॅटची इमारत, हॉटेल. लॉज-हॉटेलात अनोळखी माणसं झोपतात, त्यांना जिना कुठे ते माहीत नसतं म्हणून तिथे अटी कडक, आणि स्वतःच्या घरातल्या माणसाला वाट माहीत असते असं धरून घर आणि फ्लॅट बऱ्यापैकी सैल सोडलेत. संहितेत १५ मीटर किंवा त्याहून उंच ती उंच इमारत. आता आपल्याकडचा नेहमीचा नमुना बघा, पार्किंग प्लस चार. पार्किंग अडीच मीटर धरलं आणि वर तीन-तीन मीटरचे चार मजले, साडेचौदा मीटर झाले. बिल्डरला हे गणित तोंडपाठ असतं. राज्याच्या नियमावलीत उंचीच्या अटी वेळोवेळी बदलल्यात, त्यामुळे जुन्या इमारतीला कोणता नियम हे बघायचं तर बांधकाम परवानगी कोणत्या वर्षाची ते आधी बघावं लागतं.

तसंही जळगावात सतरा मजली म्हटलं की महापालिकेची ती एकच इमारत आठवते, बाकी गाव आडवं पसरलंय. प्लॉट, रो हाऊस, दोन मजली बंगले. मालक खाली, भाडेकरू वर, गच्चीवर पत्र्याची एक खोली काढून ती विद्यार्थ्यांना. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात आणि कॉलेजांत शिकायला रावेर, यावल, चोपडा, शहादा, तळोदा इथून पोरं येतात, एका खोलीत तिघं-चौघं राहतात, एकाच बोर्डावर इंडक्शन, तीन मोबाईल आणि मे महिन्यात कुलर. मालकाने स्वतःच्या घरातल्या तीन खोल्या पोरांना दिल्या की ते घर, लॉज की वसतिगृह हा प्रश्न कागदावर कोणीच उभा करत नाही, घरपट्टी घर म्हणूनच लागते आणि सगळे खूश.

भाड्याचा कायदा याहून वेगळा, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेला पाहिजे आणि ते करून घ्यायची जबाबदारी मालकाची. कलम १४ म्हणतं की जागा चांगल्या दुरुस्तीत ठेवणं मालकाचं काम. स्मोक डिटेक्टरचा उल्लेख या दोन्ही कलमांत नाही. अकरा महिन्यांच्या छापील ॲग्रीमेंटमध्ये पंखे किती, ट्यूबलाईट किती, गिझर आहे का नाही, भिंतीला खिळे मारू नयेत, सगळं असतं. पोलीस स्टेशनला भाडेकरूचा फोटो आणि आधार जातं. आगीचं एक वाक्य नसतं, आणि असलंच तर 'नुकसानीस भाडेकरू जबाबदार' एवढंच. तुलनेला इंग्लंड घ्या, तिथे २०१५ च्या नियमांनी भाड्याच्या घरात प्रत्येक मजल्यावर किमान एक अलार्म आणि नवीन भाडेकरू आला त्या दिवशी तो वाजतो का हे मालकाने तपासायचं. फ्रान्समध्ये मार्च २०१५ पासून प्रत्येक घरात एक.

यंत्राचे प्रकार मुख्य दोन. फोटोइलेक्ट्रिक म्हणजे उजेडावर चालणारा, आत अंधाऱ्या कप्प्यात प्रकाशाचा एक किरण असतो, धूर आत शिरला की तो किरण विखुरतो आणि बाजूच्या सेन्सरवर पडतो. दुसरा आयनायझेशन, त्यात अमेरिशियम-२४१ चा अगदी किंचित कण असतो, तो भडकून पेटणाऱ्या आगीचा बारीक धूर लवकर पकडतो, पण किरणोत्सारी असल्यामुळे आपल्याकडे त्याच्यावर अणुऊर्जा नियामक परिषदेचं नियंत्रण आहे आणि तो भंगारवाल्याला द्यायची वस्तू नाही. धुमसणाऱ्या आगीचा जाड धूर मात्र पहिला लवकर पकडतो, म्हणून घरासाठी तोच बरा. भारतीय मानकात डिटेक्टरचं यंत्र आयएस ११३६० मध्ये आणि ते बसवायची पद्धत आयएस २१८९ मध्ये.

खान्देशासाठी फोटोइलेक्ट्रिकच का, तर कापूस. भाव वाढेल म्हणून शेतकरी कापूस विकत नाही, घरातच भरून ठेवतो, पुढच्या खोलीत छताला टेकेल इतका ढीग आणि मागच्या खोलीत माणसं झोपलेली, हे चित्र चोपडा-धरणगावकडे डिसेंबर-जानेवारीत कुठल्याही गल्लीत दिसेल. कापूस लगेच भडकत नाही, आतल्या आत धुमसतो. ठिणगी संध्याकाळी पडली तर ज्वाळा पहाटे दिसेल, तोपर्यंत नुसता धूर आणि त्यातला कार्बन मोनॉक्साईड, ज्याला वासच नसतो. कापसाच्या गादीचं पण तेच. झोपलेल्या माणसाला धुराच्या वासाने जाग येईल असं आपण धरून चालतो, ते चूक आहे, झोपेत नाकाचा भरवसा नाही, कान मात्र ऐकतात, म्हणून यंत्र आवाजाचं. घरगुती अलार्मचा आवाज तीन मीटरवर साधारण ८५ डेसिबल असतो. फक्त कापसाच्या खोलीतच ते लावलं तर तंतू आणि धूळ जाळीत बसून महिन्याभरात बंद पडेल किंवा उगाच बोंबलेल, त्यामुळे ते मधल्या दाराच्या अलीकडे, झोपायच्या बाजूला लावावं.

उगाच वाजणं ही आपल्याकडची खरी अडचण. काळा मसाला करायला कांदा-खोबरं आणि मिरच्या भाजायला घेतल्या की शेजारपाजारचे खोकतात, तिथे डिटेक्टर कसा गप्प बसेल. हिवाळ्यात बामणोदची वांगी आली की शेतात काड्यांवर भाजली तर ठीक, पण फ्लॅटमध्ये गॅसवर भाजली की हॉलपर्यंत धूर. शिवाय धूप, अगरबत्ती, डासांची कॉइल. म्हणून स्वयंपाकघरात धुराचा डिटेक्टर लावूच नये, तिथे उष्णतेवर चालणारा हीट डिटेक्टर असतो तो लावावा, आणि धुराचा अलार्म गॅसपासून किमान तीन मीटर लांब. पण हीट डिटेक्टरला आपला मे महिना. नेहमीचा हीट डिटेक्टर ५७-५८ अंशांना वाजतो, आणि भुसावळ-जळगावात बाहेर सावलीतच ४५ असतं तेव्हा पत्र्याखालच्या खोलीत वरच्या फुटभर हवेचं काय होत असेल. धुराच्या डिटेक्टरच्या डब्यावर पण बहुतेक वेळा चालण्याची मर्यादा ५० अंशांच्या आसपास छापलेली असते. पत्र्याच्या खोलीत तो पत्र्याला न चिकटवता खाली पीओपी किंवा फळीला लावतात, नसेल तर भिंतीवर थोडा खाली. कुलरच्या झोतासमोर आणि पंख्याच्या अगदी जवळ नको, धूर त्याच्यापर्यंत पोचण्याआधीच उडून जातो.

मोठ्या इमारतीत प्रत्येक यंत्र सुटं नसतं, सगळ्या वायरी खाली पॅनलला येतात. पॅनल बघितला की इमारतीची तब्येत कळते. एका अपार्टमेंटमध्ये, नाव नको, जिन्याखाली पॅनल होता, त्यावर पिवळा 'फॉल्ट'चा दिवा कायम लागलेला आणि बझरच्या भोकावर चिकटपट्टी, कारण तो रात्री टिकटिक करायचा आणि पहिल्या मजल्यावरच्या काकूंची झोप मोडायची. आतली बॅटरी फुगलेली. वर पॅसेजमध्ये मान वर करून बघितलं तर डिटेक्टरवर कंपनीची प्लॅस्टिकची टोपी तशीच, रंगकामाच्या वेळी धूळ बसू नये म्हणून देतात ती, काढायचीच राहिलेली. पाचेक वर्षं तरी झाली असतील. नमुना ब मात्र दर जानेवारीत आणि जुलैत फाईलला लागलेला, शिक्क्यासकट.

आणि त्याच जिन्याखाली सगळ्या फ्लॅटचे मीटर, मीटरखाली स्कूटर, हल्ली त्यात एक चार्जिंगला लावलेली. अशा जागी वायर पेटली की जिना धुराड्याचं काम करतो, धूर सरळ वर जातो आणि खाली यायची वाट तीच असते. सोसायटीने एकच डिटेक्टर घ्यायचा असेल तर तो मीटरबोर्डाच्या वर लावावा, दुसरा वरच्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी. फ्लॅटच्या आत ज्याचा त्याने, बेडरूमबाहेरच्या पॅसेजला एक, छताच्या मध्याजवळ, भिंतीच्या कोपऱ्यात नको कारण तिथे हवा हलत नाही. महिन्यातून एकदा बटन दाबून बघायचं. अधूनमधून चिक-चिक वाजला तर बॅटरी संपत आलीय, यंत्र बिघडलेलं नाही, त्यामुळे काढून ड्रॉवरमध्ये टाकायचं कारण नाही. दहा वर्षांनी पूर्ण यंत्र बदलायचं, मागे बनवल्याची तारीख असते.

भाड्याच्या घरात तो कोणी आणायचा हे ॲग्रीमेंटमध्ये लिहिलं तरच ठरतं. साधारण असं लिहितात की यंत्र मालकाचं, बॅटरी भाडेकरूची, आणि ताबा देताना-घेताना दोघांसमोर बटन दाबून दाखवायचं. न लिहिता भाडेकरूने स्वतः आणून लावला तर खोली सोडताना तो कुलर आणि बल्बसोबत पोत्यात जातो, छताला दोन स्क्रूची भोकं राहतात, आणि मालक डिपॉझिटमधून त्या भोकांचे पैसे कापतो.