जुन्या पुणे रस्त्याची ओढ: पार्श्वभूमी

मुंबईहून पुण्याला निघताना गाडीत एक जण तरी हल्ली विचारतोच, "जुन्या रस्त्याने जाऊ या का?" घाई असेल तर त्याचं कुणी ऐकत नाही. नसेल तर पनवेल सुटल्यावर गाडी एक्सप्रेसवेला न लागता शेडुंग, चौक, खालापूर, खोपोली अशी रमतगमत निघते. गंमत म्हणजे पंचवीस-तीस वर्षांपूर्वी याच रस्त्याला लोक पोटभर शिव्या घालत होते. बहुतेक ठिकाणी समोरासमोरची वाहतूक, घाटात ट्रकच्या मागे ट्रक, आणि एखादा बंद पडला की तीन-तीन तासांची निश्चिंती. तेव्हा या रस्त्याने कुणी हौसेने जात नव्हतं. 2000 साली द्रुतगती मार्गाचे टप्पे खुले व्हायला लागले आणि 2002 साली सगळा 94.5 किलोमीटरचा पट्टा वापरात आला. जुन्या रस्त्याबद्दलची माया त्यानंतरची.

पण 'जुना रस्ता' म्हणजे नेमका कोणता? बोरघाटाची वाट दोन हजार वर्षांपेक्षा कमी वयाची नाही. घाटमाथ्यावर कार्ले आणि भाजे इथली लेणी उगाच कोरली गेली नाहीत. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडून वर देशावर जाणारा माल याच बाजूने चढत होता आणि राजमाचीसारखा किल्ला त्यावर नजर ठेवून बसला होता. ही वाट पाठीवर ओझं घेतलेल्या बैलांची. चाकाची गाडी वर नेणं हे वेगळंच काम होतं. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या धामधुमीत आर्थर वेलस्लीने घाटमाथा ते पुणे हा रस्ता सैन्यासाठी सुधारून घेतला. मात्र बैलगाडी आणि बग्गी सरळ घाट चढू-उतरू लागली ती 1830 साली. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने 10 नोव्हेंबर 1830 रोजी घाटरस्ता खुला केला. काम तेव्हा पुरतं झालेलंही नव्हतं, हे त्यानेच लिहून ठेवलंय. तरी तो काही मंडळींना घेऊन गाड्यांतून घाट उतरला आणि कोकण व दख्खन यांच्यामधली भिंत आता पडली, अशा अर्थाचं बोलला. अर्धवट कामाचं उद्घाटन उरकण्याची आपली परंपरा किती जुनी आहे, ते यावरून कळावं.

तेव्हा मुंबई हे बेट. माणसं होडीने पनवेल बंदराला उतरायची आणि खरा पुणे रस्ता तिथून सुरू व्हायचा. पुढे रेल्वे आली, पण तीही आधी घाटापाशी अडली. 1856 मध्ये ती खोपोलीपर्यंत पोचली, 1858 मध्ये खंडाळा-पुणे गाडी सुरू झाली आणि मधला घाट प्रवाशांनी पालखीत, तट्टावर, नाहीतर गाडीत बसून पार करायचा. पाच वर्षं हे असं चाललं. 1863 मध्ये बोगदे खोदून लोहमार्ग घाट चढला, आणि माल्कमच्या ज्या रस्त्याचा एवढा गाजावाजा झाला होता तो तेहतीस वर्षांत मागे पडला. त्याला पुन्हा दिवस आले ते मोटारीमुळे. म्हणजे या रस्त्याने जुनं होण्याचा अनुभव याआधीही एकदा घेतलाय.

आमच्या घरातल्या थोरल्या मंडळींचा जुना रस्ता आणखी निराळा. वाशीचा खाडीपूल 1973 चा. त्याआधी मुंबईहून मोटारीने पुण्याला जायचं तर ठाणे, कळवा, मुंब्रा, शिळफाटा असा वळसा घालून पनवेल गाठावं लागे. त्यांना अजूनही मुंब्र्याचा डोंगर दिसला की पुण्याला निघाल्यासारखं वाटतं. आम्हाला तसं काही होत नाही. आमचा प्रवास खोपोलीला सुरू होतो.

खोपोलीत नाना फडणीसांनी बांधलेलं महादेवाचं देऊळ आणि तळं आहे. ते मागे टाकलं की काका फियाटची काच खाली करायचे. वाऱ्यासाठी नव्हे, इंजिनाचा आवाज ऐकायला. गप्पा बंद. पहिला गिअर, दुसरा, पुन्हा पहिला. तापमानाचा काटा 'एच'कडे सरकायला लागला की गाडी कडेला. मागच्या चाकाला दगड लावायचं काम पोरांचं. मग बॉनेट उघडायचं, रेडिएटरच्या झाकणावर ओलं फडकं टाकायचं आणि तोंड बाजूला वळवून झाकण अर्ध्या वळशाने सैल करायचं. फुस्स करून वाफ उडायची, गंजाचा वास यायचा. पाणी लगेच ओतायचं नाही, ब्लॉक तडकतो, हे आम्हाला सातवीतच ठाऊक होतं. दहा-पंधरा मिनिटं नुसतं उभं राहायचं. पुढे-मागे आणखी तीन-चार बॉनेटं उघडलेली असायची, त्यामुळे ओळखी व्हायच्या. निघताना दगड बाजूला टाका, असं काका दर वेळी बजावायचे; न टाकणारे खूप, आणि ते दगड मागच्या गाडीच्या नशिबी.

त्याच चढणीवर शिंगरोबाचं देऊळ आहे. शिंगरोबा हा धनगर. इंग्रजांना घाटातून वर जायची वाट सापडेना, ती त्याने आपल्या गुराढोरांच्या पायवाटेवरून दाखवली आणि बदल्यात जीव गमावला, अशी कथा घाटात सांगतात. वाट रस्त्याची की रेल्वेची, याबद्दल सांगणाऱ्यांत एकमत नसतं. ट्रकवाला मात्र कुठल्याही मुलखाचा असो, तिथे वेग कमी करून नाणं टाकतो. घाटरस्त्याच्या इतिहासात गव्हर्नर आणि इंजिनिअर यांची नावं आहेत. नमस्कार मिळतो तो शिंगरोबाला.

हे सगळं आठवतं ते थांबे म्हणून. रस्ता नव्हे, थांबणंच आठवतं, असं माझं मत होत चाललंय. घाटाआधी इंजिन निववायला थांबायचं म्हणून खोपोलीचा बटाटावडा. घाट चढून आल्यावर हुश्श करायला म्हणून लोणावळ्याची चिक्की. मे महिन्यात कडेला बसलेल्या ठाकर-कातकरी बायकांकडची करवंदं आणि जांभळं, पानाच्या द्रोणात. 'गाडी लागणाऱ्यां'साठी खिशात लिंबू आणि आवळासुपारी. एसटीचं तर वेळापत्रकच थांब्यांनी बांधलेलं. 1982 च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांसाठी आणलेल्या बसगाड्या नंतर एसटीकडे आल्या आणि दादर-पुणे मार्गावर धावू लागल्या. लोकांनी त्यांना 'एशियाड' म्हटलं, ते नाव निमआराम गाडीला कायमचं चिकटलं. वाटेत कंडक्टर "दहा मिनिटं" म्हणायचा आणि बस वीस मिनिटं थांबायची. या एका वाक्यावर किती उपाहारगृहं उभी राहिली असतील!

द्रुतगती मार्गाने नेमकं हेच काढून घेतलं. त्यावर मनात येईल तिथे थांबता येत नाही. थांबायचं ते फूडमॉलवर. गाड्याही बदलल्या. घाटात तापणारी गाडी आता क्वचित दिसते. म्हणजे जुन्या रस्त्यावर थांबायची सक्ती गेली, आणि सक्ती गेल्यावर लोक तिथे हौसेने थांबायला लागले. पिवळ्या डोक्याच्या किलोमीटरच्या दगडासोबत फोटो काढतात. या रस्त्याचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 2010 च्या फेररचनेत 4 चा 48 झाला, पण तोंडात अजून 'एनएच फोर'च आहे.

एक गोष्ट या हळवेपणात सुटून जाते. द्रुतगती मार्गावर दुचाकी आणि रिक्षांना मनाई आहे. त्यामुळे ज्याच्याकडे मोटारसायकल आहे त्याच्यासाठी हा रस्ता जुना वगैरे काही नाही, तो एकच रस्ता आहे. कामशेतहून तळेगावला रोज कामावर जाणाऱ्याला विचारा, तो खड्ड्यांबद्दल बोलेल.

आणि जुनं म्हणजे सगळं देखणं, असंही नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री मुंबई-गोवा रस्त्यावर महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. त्याच्यासोबत एसटीच्या दोन बस आणि इतर वाहनं गेली. दगडी कमानींवर प्रेम करणाऱ्यांनी ती रात्र लक्षात ठेवावी. मुंबई-गोवा रस्त्याबद्दल तशी पुणे रस्त्यासारखी माया अजून तयारच झालेली नाही, कारण त्याच्या चौपदरीकरणाचं काम 2011 पासून रेंगाळलं. रोज ज्या धुळीतून जायचं, तिची आठवण काढायला सवड कुठून मिळणार?

बोरघाटातल्या कमानींचं सांगायचं राहिलं. 1830 च्याच सुमाराचा तो दगडी पूल. त्यावर डोकेदुखीच्या मलमाची जाहिरात झळकायची, म्हणून त्याचं नाव अमृतांजन पूल. घाटात डोकं धरून बसलेल्यांसमोर अमृतांजनचा फलक लावणाऱ्याला जागा कळली होती, एवढं खरं. नव्या रस्त्याच्या मार्गिका त्याच्या खांबांमधून काढल्या गेल्या आणि तिथे वाहतूक तुंबायला लागली. पूल पाडायचं बरीच वर्षं चाललं होतं, गाड्या थांबत नव्हत्या म्हणून जमत नव्हतं. एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदीने रस्ता ओस पडला तेव्हा सुरुंग लावून तो पाडला. त्या दिवशी बघायलाही कुणाला जाता आलं नाही. वाहतुकीच्या बातम्यांत मात्र अजून येतं: अमृतांजन पुलाजवळ कोंडी, पुण्याकडे जाणाऱ्या वाहनांच्या रांगा.