ऑप्टोमेट्रीत पीएचडी: पात्रता, मार्गदर्शक, अर्ज आणि कागदपत्रे

ऑप्टोमेट्रीच्या, म्हणजे दृष्टितपासणीशास्त्राच्या, कॉलेजांत शिकवणारे बरेच जण एम.ऑप्टोम. ही पदव्युत्तर पदवी झाली की थांबतात. पुढे पीएचडी करावी असं मनात असतं, पण आपल्या विषयाचे गाइड कमी आणि गाइड व्हायचं तर आधी स्वतःची पीएचडी हवी. हा तिढा सुटायचा असेल तर शिकवण्याची आवड असलेल्यांनी या वाटेला जायलाच हवं. वाट कठीण आहे, पण तिचे नियम स्पष्ट आहेत. ते नीट माहीत नसल्यामुळे चांगल्या उमेदवारांचं वर्ष वाया जातं, म्हणून ही माहिती.

सगळ्याचा पाया म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, पीएचडीविषयीचे २०२२ चे विनियम. ते ७ नोव्हेंबर २०२२ रोजी लागू झाले. प्रत्येक विद्यापीठाचा स्वतःचा अध्यादेश किंवा परिपत्रक यावर बेतलेलं असतं, पण किमान अटी सगळीकडे याच.

पात्रता

पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण किंवा समकक्ष श्रेणी लागते. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत आहे. जुनी एम.फिल. ५५ टक्क्यांनी पूर्ण केलेलेही पात्र आहेत, नवी एम.फिल. मात्र याच विनियमांनी बंद झाली, त्यामुळे आता कुणी एम.फिल.ला प्रवेश देऊ करत असेल तर तिकडे वळू नका.

चार वर्षांच्या म्हणजे आठ सत्रांच्या पदवीनंतर ७५ टक्के गुण असतील तर थेट पीएचडीला अर्ज करता येतो. बी.ऑप्टोम. ही पदवी झालेले इथेच अडकतात. अनेक विद्यापीठांत हा अभ्यासक्रम तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप असा असतो, आणि इंटर्नशिपच्या वर्षाची गुणपत्रिकाच नसते. ते वर्ष सातवं-आठवं सत्र म्हणून धरायचं का, हे ज्या विद्यापीठात अर्ज करायचा त्याच्या पीएचडी विभागाला आधी ईमेलने विचारा आणि उत्तर लेखी घ्या. काउंटरवर मिळालेल्या तोंडी होकाराचा कागदपत्र पडताळणीच्या दिवशी काही उपयोग होत नाही.

आधी गाइड, मग अर्ज

बहुतेक जण जाहिरात आली की फॉर्म भरतात आणि गाइड नंतर शोधतात. ऑप्टोमेट्रीत हा क्रम उलटा ठेवा. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. गाइडच मोजके असलेल्या विषयात या जागा भराभर संपतात. परीक्षा उत्तम मार्कांनी सुटूनही जागा नाही म्हणून थांबावं लागलं, असं होतं ते यामुळेच.

गाइड निवडताना चार गोष्टी तपासा. ते त्या विद्यापीठाचे किंवा संशोधन केंद्राचे कायम शिक्षक आहेत का? त्यांची स्वतःची पीएचडी आहे का? तज्ज्ञांकडून तपासल्या जाणाऱ्या नियतकालिकांत प्राध्यापक आणि सहयोगी प्राध्यापकांचे किमान ५, तर सहायक प्राध्यापकांचे किमान ३ शोधनिबंध आहेत का? आणि निवृत्तीला ३ वर्षांपेक्षा कमी काळ तर उरलेला नाही ना, कारण तसं असेल तर त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही.

नेत्ररुग्णालयातले अनुभवी नेत्रतज्ज्ञ किंवा मानद शिक्षक तुम्हाला मनापासून शिकवतील, पण असे अभ्यागत (संस्थेचे कायम नसलेले) शिक्षक मुख्य गाइड होऊ शकत नाहीत. त्यांना फक्त सहमार्गदर्शक होता येतं. रुग्ण रुग्णालयात आणि मुख्य गाइड विद्यापीठात, ही जोडणी ऑप्टोमेट्रीला छान जमते. फक्त ती अर्जाच्या वेळीच मांडा.

विद्यापीठाच्या विषययादीत ऑप्टोमेट्री आहे का, हेही बघा. नसेल तर संलग्न आरोग्यविज्ञान किंवा त्याच्या जवळच्या विषयाखाली नोंदणी होते, आणि पदवीवर तोच विषय येऊ शकतो. उद्या शिक्षकभरतीत ‘संबंधित विषयातील पीएचडी’ असा शब्द आला की हा फरक महत्त्वाचा ठरतो.

प्रवेश परीक्षा आणि मुलाखत

यूजीसी-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या विषययादीत ऑप्टोमेट्री नाही. म्हणून आपल्यासाठी खरा मार्ग म्हणजे विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा, जिला सगळे ‘पेट’ म्हणतात. अर्धे प्रश्न संशोधनपद्धतीवर, अर्धे विषयावर. उत्तीर्ण होण्यासाठी ५० टक्के, सवलतीच्या प्रवर्गांना ५ टक्के कमी. अंतिम गुणवत्ता यादीत लेखी परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो.

ऑप्टोमेट्रीचे उमेदवार सहसा विषयात पडत नाहीत, संशोधनपद्धतीत पडतात. नमुना आकार, पी-मूल्य, विश्वासांतर, संवेदनशीलता आणि विशिष्टता, दोन यंत्रांची मापनं जुळतात का हे तपासण्याची पद्धत, यावर वेळ द्या.

मुलाखतीत तीन गोष्टी पाहिल्या जातात: हे संशोधन करण्याची तुमची क्षमता, ते त्या संस्थेत शक्य आहे का, आणि त्यातून ज्ञानात काही नवी भर पडेल का. दुसऱ्या मुद्द्यावर तयारी कमी पडते. अक्षीय लांबी (डोळ्याची पुढून मागपर्यंतची लांबी) मोजायचा प्रस्ताव आहे आणि केंद्रात ती मोजणारं ऑप्टिकल बायोमीटर यंत्रच नाही, तर समिती थांबणारच. यंत्र कुठे आहे आणि ते वापरू देण्याचं संमतीपत्र कुणाचं आहे, हे सोबत न्या.

संशोधनाचा आराखडा कसा असावा

‘शाळकरी मुलांमधील मायोपिया’ हे शीर्षक नाही, तो विषयाचा परिसर आहे. कोणत्या वयाची मुलं, किती, मायोपिया (लघुदृष्टी, म्हणजे दूरचं अंधुक दिसणं) कशाला म्हणायचं, कशाने मोजायचं, हे आराखड्यात दिसलं पाहिजे. समतुल्य गोलीय क्रमांक (गोल क्रमांक अधिक सिलिंडरच्या क्रमांकाचा अर्धा) -०.५० डायॉप्टर किंवा त्याहून अधिक ऋण, ही सर्वमान्य मर्यादा आहे. पण मुलांमध्ये डोळ्यांत थेंब घालून समायोजन (जवळ बघण्यासाठी डोळा करतो तो फोकसबदल) शिथिल न करता तपासलं तर नसलेला मायोपियाही दिसतो. थेंबांचं औषध देण्याचा भाग नेत्रतज्ज्ञांच्या देखरेखीखाली कसा होईल, हेही लिहा.

दृष्टी लॉगमार (समान टप्प्यांच्या ओळींच्या) तक्त्यावर नोंदवा, म्हणजे ओळीतल्या एकेका अक्षराला ०.०२ गुण धरून सरासरी काढता येते. स्नेलनच्या (६/६, ६/१२ अशा) अपूर्णांकांची थेट सरासरी काढलेला आराखडा जाणकार परीक्षक लगेच बाजूला ठेवतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे १०० रुग्णांचे २०० डोळे स्वतंत्र धरणं. एकाच माणसाचे दोन डोळे एकमेकांसारखे असतात. एकच डोळा घ्या, नाहीतर हा संबंध धरणारी सांख्यिकी पद्धत नमूद करा.

कागदपत्रे

दहावी-बारावीपासूनच्या सर्व गुणपत्रिका, पदवी आणि पदव्युत्तर पदवीची प्रमाणपत्रं, इंटर्नशिप पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र. श्रेणीगुण असतील तर त्यांचं टक्क्यांत रूपांतर करणारं तुमच्या विद्यापीठाचं पत्र, कारण स्वतः केलेलं रूपांतर मान्य होत नाही. दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन प्रमाणपत्र. परदेशी पदवी असेल तर समकक्षता प्रमाणपत्र. आधार, फोटो, सही, शैक्षणिक क्रेडिट बँकेचा क्रमांक. शिक्षणात खंड असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र.

आरक्षित जागेसाठी जातीचा दाखला, विद्यापीठ मागेल तिथे जात वैधता प्रमाणपत्र, आणि नॉन-क्रीमीलेअर. शेवटच्याची मुदत अर्जाच्या आणि पडताळणीच्या दोन्ही तारखांना चालू हवी. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत जोडा. गुणपत्रिकेवर एक नाव आणि आधारवर दुसरं, एवढ्याने अर्ज त्रुटीत जातो.

नोकरी करत अर्धवेळ पीएचडी करता येते. त्यासाठी संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्या लागतात: अर्धवेळ पीएचडीला परवानगी आहे, कामाच्या स्वरूपामुळे संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी (प्रवेशानंतरच्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी) कामातून मोकळं केलं जाईल. ‘आमची हरकत नाही’ एवढ्या एका ओळीचं पत्र परत येतं. अर्धवेळ म्हणजे ऑनलाइन नव्हे. ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने पीएचडी देऊ करणाऱ्या जाहिरातींना पैसे देऊ नका.

प्रवेशानंतर

कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचं असतं, त्यात ५५ टक्के गुण लागतात. संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा २ श्रेयांकांचा भाग यातच येतो. मग प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते.

कोर्सवर्क चालू असतानाच नीतिसमितीकडे अर्ज करा. मंजुरीआधी घेतलेल्या मोजमापांना नंतर मंजुरी मिळत नाही. ती सोडून द्यावी लागतात. मुलांवर अभ्यास असेल तर पालकांची लेखी संमती हवीच, शिवाय ७ ते १२ वर्षांच्या मुलांची तोंडी आणि १२ ते १८ वयाच्या मुलांची लेखी अनुमती. चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स, व्हिजन थेरपी असा कोणताही उपाय देऊन परिणाम तपासणार असाल तर पहिला सहभागी घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीत, नोंदणी करा. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही.

एकूण मुदत किमान ३ आणि कमाल ६ वर्षं. पुनर्नोंदणीने आणखी २ वर्षं मिळतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २ वर्षं, म्हणजे कमाल १०. महिलांना प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. लग्नामुळे किंवा इतर कारणाने गाव बदललं तर महिला संशोधकाला आपलं संशोधन दुसऱ्या विद्यापीठात नेता येतं. ही तरतूद असूनही अनेकींनी नोंदणीच सोडून दिलेली दिसते, आणि ते फार वाईट वाटतं.

प्रबंधाआधी शोधनिबंध छापून यावाच अशी यूजीसीची सक्ती आता नाही, पण तुमच्या विद्यापीठाचा नियम वेगळा असू शकतो. मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे नियतकालिक पारखायची जबाबदारी तुमची आणि गाइडची. प्रबंधाचं आधीच्या लेखनाशी साधर्म्य १० टक्क्यांपर्यंत चालतं. १० ते ४० टक्के निघालं तर सुधारून पुन्हा सादर करावा लागतो. प्रबंध किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो, आणि व्हायवासह (तोंडी परीक्षेसह) सगळं ६ महिन्यांत पूर्ण व्हावं अशी अट विद्यापीठावर आहे.

व्हायवा झाल्यावर तात्पुरतं प्रमाणपत्र घेताना त्यावर ‘यूजीसी विनियम २०२२ नुसार पदवी प्रदान’ असा उल्लेख आहे का पाहा. तो विद्यापीठाने द्यायचाच असतो, आणि शिक्षकपदाच्या छाननीत तो मागितला जातो.