पाण्यात तोंड घालून मासा पाहणं : पार्श्वभूमी

रावेर तालुक्यात पालजवळून वाहणारी सुकी नदी दिवाळीनंतर निवळते. पावसाळाभर डोंगराची माती घेऊन धावलेलं पाणी तेव्हा संथ होतं आणि तळाचे गोटे काठावरून मोजता येतात. अशाच एका हिवाळ्यात पोहायचा साधा चष्मा लावून मी उथळ पाण्यात पालथा पडलो आणि तोंड बुडवलं. समोर वीतभर अंतरावर एक मळ्या मासा गोट्याला चिकटून होता. प्रवाह त्याच्या अंगावरून जात होता, शेपटी जेमतेम हलत होती, आणि तोंड खाली करून तो दगडावरचं शेवाळ खरवडत होता. खरवडलेल्या जागी दगडाचा काळा रंग उघडा पडत होता. हा मासा मी लहानपणापासून ओळखत होतो, पण टोपलीतला.

तापीकाठी हयात काढलेल्या एका भोई बाबांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, “आमनी तापीम्हा पानी गढूय शे, तठे काय दिसी तुले?” त्यांचा प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा आहे.

कॅनडातल्या, अमेरिकेतल्या काचेसारख्या नद्यांमध्ये तोंडात स्नॉर्कल म्हणजे श्वास घ्यायची नळी धरून, प्रवाहात पडून केलेली सॅल्मन माशाची चित्रणं आता आपल्याकडेही फोनवर पाहिली जातात. व्हँकुव्हर बेटावरच्या कॅम्पबेल नदीत तर लोक खास सॅल्मनसोबत तरंगायला जातात. (आपल्या बाजारात ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून विकला जातो तो रावस. त्याचा या माशाशी संबंध नाही, कूळच वेगळं.) ही चित्रणं सुंदर आहेतच, पण माणसानं नदीतल्या माशाकडे असं पाहायला फार उशिरा सुरुवात केली.

त्याआधी मासा ओळखायचा तो मेल्यावर. दख्खनच्या माशांची पहिली मोठी शास्त्रीय नोंद कर्नल सायक्स या ब्रिटिश अधिकाऱ्यानं केली. ती १८३९ मध्ये लंडनमध्ये छापली गेली. सायक्सनं एक गोष्ट मात्र फार चांगली केली. आपल्या मासेमारांच्या तोंडची नावं त्यानं तशीच शास्त्रीय नावांत घातली. मळ्याचं शास्त्रीय नाव ‘गारा मुल्या’ आहे ते त्यामुळेच. ‘खुद्री’, ‘कोलस’ ही नावंही त्याच यादीतली. म्हणजे नाव देणारे आपले लोक होते, मोजमाप साहेबाचं होतं, आणि मासा दोघांच्याही समोर पाण्याबाहेर होता. तो पाण्यात काय करतो हे मासेमारांना बुडबुड्यांवरून, सावलीवरून, जाळ्याला बसणाऱ्या ओढीवरून कळायचं. ते ज्ञान खोल होतं, पण डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

याचं कारण आपल्या डोळ्यात आहे. आपल्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा हवेतून येणारा प्रकाश वळवतो म्हणून आपल्याला स्पष्ट दिसतं. पाण्यात ती वळवण्याची ताकद जवळपास नाहीशी होते आणि सगळं धूसर होतं. चष्म्याची काच डोळ्यापुढे हवेचा थर राखते, म्हणून चित्र पुन्हा नीट बसतं. फक्त वस्तू खरीपेक्षा साधारण एक तृतीयांश मोठी दिसते. पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण माशाचा आकार फुगवून सांगतो, ते खोटं नसतं!

नळीची कल्पना मात्र जुनी आहे. हत्तीच्या सोंडेबद्दल लिहिताना ॲरिस्टॉटलनं पाणबुड्यांच्या श्वास घेण्याच्या साधनाची उपमा दिली आहे. नळी हातभरापेक्षा आखूडच का ठेवतात, हे विचारण्यासारखं आहे. थोडं खोल गेलं की पाण्याचा दाब छातीवर येतो, आणि पृष्ठभागावरची हवा नळीतून ओढून घेण्याइतका जोर आपल्या फासळ्यांत नसतो. म्हणून स्नॉर्कल हे उथळ पाण्याचं, तरंगत राहण्याचं साधन. नदीला ते शोभतं.

कॅमेरा पाण्याखाली गेला तो आधी समुद्रात. १८९३ मध्ये फ्रान्सच्या बान्यूल्स किनाऱ्यावर लुई बुताँ या जीवशास्त्रज्ञानं समुद्राखाली छायाचित्रं घेतली. १९२६ मध्ये फ्लोरिडाजवळ लाँगली आणि मार्टिन या दोघांनी पाण्याखालच्या माशांची पहिली रंगीत छायाचित्रं काढली. उजेडासाठी ते तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवत. १९६३ मध्ये निकोनॉस हा पाण्यात थेट नेता येणारा कॅमेरा बाजारात आला, आणि या शतकात गोप्रोसारखे मुठीत मावणारे कॅमेरे आले. तेव्हा कुठे हे काम पैसेवाल्या मोहिमांच्या हातून सुटून साध्या माणसाच्या हातात आलं.

नदीत तोंड घालायची सुरुवात मासेशास्त्रज्ञांनी केली. कॅनडाच्या मिरामिशी नदीत कीनलीसाइड यांनी चष्मा आणि नळी लावून सॅल्मनची पिल्लं पाहिली आणि १९६२ मध्ये ती निरीक्षणं छापली. सॅल्मनचं पिल्लू छातीचे पर पसरून, तळाच्या गोट्यांना दाबून प्रवाहात टिकून राहतं आणि आपली जागा राखतं. मळ्याला पाहिल्यावर हे वाचताना मला अंगावर काटा आला होता. दोघांचं कूळ वेगळं, खंड वेगळे, पण वाहत्या पाण्यापुढचा पेच एकच. पुढे ही पद्धत मोजणीसाठी रुळली. आजही तिकडे लोक ओळीनं प्रवाहात उतरतात आणि खाली तरंगत जाताना दोन्ही बाजूंचे मासे मोजून मनगटावरच्या पाटीवर लिहितात. लहान ओढ्यात मात्र खालून वर सरकतात, कारण मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो आणि मागून हळू येणारा त्याला उशिरा दिसतो.

सॅल्मन इतका पाहण्याजोगा का, तर तो नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा जन्माच्या ओढ्यात येतो. वाट वासावरून सापडते, हे हॅसलर आणि विस्बी या संशोधकांनी १९५० च्या दशकात दाखवलं. प्रशांत महासागराच्या बाजूचा सॉकाय सॅल्मन नदीत चढून अंडी घालायच्या जागी येईपर्यंत अंगानं लालभडक आणि डोक्यानं हिरवा होतो. मादी शेपटीनं गोट्यांत खळगा करते, अंडी घालते, आणि पुढे नर-मादी दोघंही मरतात. समुद्रात काही मीटरवरच लाल रंग विरतो. पण ओढ्याच्या कमरेएवढ्या पाण्यात तो पूर्ण टिकतो, म्हणून ती चित्रणं इतकी पेटलेली दिसतात.

आता भोई बाबांच्या प्रश्नाकडे. त्या नद्या बर्फाच्या, तळ्यांच्या, दाट जंगलांच्या. तळ गोट्यांचा. आपली तापी मुलताईहून निघून ७२४ किलोमीटर वाहते आणि खान्देशात ती खोल गाळाच्या पट्ट्यातून जाते. काठ मातीचे, त्यात पावसानं पाडलेल्या घळी, आजूबाजूला काळी कपाशीची जमीन. चार महिने ती माती वाहणारच. त्यामुळे तापीचं गढूळपण हा तिचा दोष नाही, स्वभाव आहे. हिवाळ्यात साचून राहणारं शेवाळ आणि गावांचं सांडपाणी मात्र आपलं आहे.

आपल्याकडेही समुद्रातून नदीत चढणारा मासा होता, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पाला, म्हणजेच बंगाल्यांचा हिल्सा, सुरतेकडून तापीत वर येत असे. १९५० च्या दशकात काकरापारचा बंधारा झाला, १९७२ मध्ये उकाई धरण पूर्ण झालं, आणि ती वाट बंद झाली. उकाईच्या जलाशयात अडकून राहिलेला पाला तिथेच वाढत असल्याच्या नोंदी आहेत. वर आपल्या हद्दीत प्रकाशा, सारंगखेडा, सुलवाडे, हतनूर अशी अडवणूक आहेच. या पाण्यावर खान्देशची केळी आणि कापूस उभा आहे, मीही त्याच घरातला आहे, त्यामुळे हे लिहिताना मन दोन्हीकडे ओढतं.

तिकडेही धरणांनी हेच केलं होतं. वॉशिंग्टन राज्यातल्या एल्वा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ मध्ये काढली, आणि मासे किती वर चढले हे पाहायला माणसं पुन्हा चष्मे लावून पाण्यात उतरली. अमेरिकेतल्याच क्लॅमथ नदीवरची चार धरणं २०२४ पर्यंत निघाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शंभरहून अधिक वर्षांनी सॅल्मन त्या जागेच्या वर पोहोचला. तिथे धरणं विजेसाठी होती, सिंचनाची नव्हती, हा फरक विसरून चालणार नाही.

आपल्याकडे पाहण्यासारखं उरलं आहे ते सातपुड्याच्या ओढ्यांत. तापी आणि नर्मदेचा मोठा मासा महाशीर, ज्याला मध्यप्रदेशानं २०११ मध्ये राज्यमासा केलं, त्याला वाहतं पाणी आणि गोट्यांचा तळच लागतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या अंगानं नर्मदेचा काठ आता सरदार सरोवराखाली आहे, तिथे त्याला तसा तळ उरलेला नाही. मळ्या, दांडवण, शिंगटा हे मात्र सुकीसारख्या ओढ्यांत हिवाळाभर भेटतात. मी कॅमेरा दगडाला दोरीनं बांधून तळाशी ठेवतो आणि स्वतः बाहेर येऊन बसतो. पहिली दहा मिनिटं चित्रणात फक्त पाणी आणि हलती सावली असते. मग एक दांडवण येऊन काचेला तोंड लावून जाते, तिच्यामागे दुसरी, आणि थोड्या वेळानं मळ्या परत आपल्या त्याच गोट्यावर येऊन बसतो.