दिव्यांग अर्थसहाय्याचे बँक खाते आणि कर्जवसुली (नागपूर)

दिव्यांग व्यक्तीच्या खात्यात जमा होणारे सरकारी अर्थसहाय्य किंवा अपंगत्वाची भरपाई बँक, फायनान्स कंपनी, पतसंस्था अथवा सावकार यांच्या वसुलीत जाऊ नये यासाठीचे कायदे आणि घ्यायची खबरदारी. नागपुरात हा प्रश्न सर्वाधिक येतो तो संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या पैशांबाबत. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या लाभार्थ्याला ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा २,५०० रुपये मंजूर आहेत. गेलेले पैसे परत मिळवायला महिने लागतात आणि तेवढ्यात घरातला किराणा अडतो. त्यामुळे खात्याची व्यवस्था आधीच लावलेली बरी.

पैसे कसे जातात

न्यायालयाची जप्ती हा त्यातला सर्वात दुर्मिळ मार्ग. बहुतेक वेळा पैसे जातात ते कर्जदाराने स्वतः सही केलेल्या मँडेटमुळे, म्हणजे खात्यातून हप्ता कापण्याच्या लेखी परवानगीमुळे. मोबाइल किंवा फ्रिज हप्त्यावर घेताना, गटकर्ज घेताना 'एनएसीएच' या बँकांच्या आपोआप हप्ताकपातीच्या यंत्रणेच्या कागदावर सही होते, आणि खात्यात रक्कम दिसली की हप्ता आपोआप कापला जातो. समजा, पासबुकात सकाळी २,५०० जमा झाले आणि त्याच दिवशी 'एसीएच-डी' अशी १,८४० ची नावे नोंद पडली, तर ती मँडेटची वजावट समजावी. खाते रिकामे असले तरी सुटका नाही. मँडेट परत गेले की बँक बाउन्स शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लावते. हप्ता दोन-तीनदा पाठवला गेला तर दर वेळी शुल्क चढते आणि ही थकबाकी पुढच्या महिन्याच्या अनुदानातून आधी वळती होते. त्यामुळे 'अनुदान कमी आले' म्हणून तहसीलला खेटे घालण्याआधी पासबुक छापून घ्यावे.

दुसरा मार्ग खुद्द बँकेचा. कर्ज आणि बचत खाते एकाच बँकेत असेल तर भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम १७१ चा आणि कर्जकरारातील अटीचा आधार घेऊन बँक खात्यावर 'होल्ड' लावते किंवा रक्कम कर्जखात्यात वळवते. भावाच्या कर्जाला जामीनदार राहिलेल्यांनाही हा फटका बसतो. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवतात. त्यासाठी दिवाणी दावा लावावा लागत नाही. आणि सर्वात वाईट प्रकार म्हणजे सावकाराने एटीएम कार्ड, पिन व पासबुक स्वतःकडे ठेवून घेणे. याची तक्रार महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ खाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते. कार्ड मात्र त्याच दिवशी बँकेत ब्लॉक करावे.

कायदा कुठवर पोचतो

पेन्शन कायदा १८७१ चे कलम ११ महत्त्वाचे आहे. सरकारने पूर्वीच्या सेवेबद्दल, शारीरिक दुर्बलतेबद्दल किंवा अनुकंपा म्हणून दिलेले निवृत्तिवेतन धनकोच्या मागणीवरून न्यायालयालाही जप्त करता येत नाही, असे ते सांगते. निराधार योजनेची रक्कम कागदोपत्री 'अनुदान' असल्यामुळे तिला हे कलम लागू पडते हे अर्जात मुद्दाम मांडावे लागते. 'दुर्बलता' आणि 'अनुकंपा' या दोन शब्दांवर तो युक्तिवाद उभा राहतो. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ च्या कलम ६० मध्ये निवृत्तिवेतनधारकांच्या रकमांना सूट आहे, आणि कलम ६०(१अ) प्रमाणे अशी सूट सोडून देण्याचा करार रद्दबातल ठरतो. म्हणजे कर्जाच्या छापील अटीवर सही केली म्हणून जप्तीविरुद्धचा हक्क जात नाही.

खरा वाद आहे तो पैसे खात्यात पडल्यानंतरचा. हिंगोरानी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली पेन्शन कायद्याच्या कलम ११ चे संरक्षण सरकारने अजून न दिलेल्या, येणे असलेल्या रकमेपुरते धरले. राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या २००८ च्या निकालात मात्र निवृत्तीचे पैसे हातात आल्यावरही कलम ६० खालचे त्यांचे स्वरूप बदलत नाही, असे ठरले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑगस्ट २०२० मध्ये ८५ वर्षांच्या निवृत्त कर्मचाऱ्याच्या खात्यातून परस्पर वसुली करणाऱ्या बँकेला रक्कम परत करायला लावली आणि ५०,००० रुपये खर्च बसवला. तिथे कर्ज नव्हते, जादा दिलेले निवृत्तिवेतन होते. तरीही बँकेने संमतीशिवाय हात घालू नये हा मुद्दा तक्रारीत उपयोगी पडतो.

बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या कारखान्यात अपघात झालेल्या कामगाराची बाजू अधिक भक्कम आहे. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम १९२३ चे कलम ९ आणि कर्मचारी राज्य विमा अधिनियम १९४८ चे कलम ६० यांनी अशा रकमांची जप्ती स्पष्ट शब्दांत रोखली. हे कायदे आता सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये सामावले आहेत. अर्जात अपघाताच्या तारखेला लागू असलेले कलम लिहावे.

खाते वेगळे ठेवणे

जिथे कर्ज नाही, जामीनकी नाही, अशा बँकेत किंवा पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत एकट्याच्या नावाने किमान शिल्लक न लागणारे खाते उघडावे. अनुदान थेट हस्तांतरणाने आधारशी जोडलेल्या खात्यात येते, आणि एका वेळी एकच खाते जोडलेले राहते. म्हणून नुसते खाते उघडून भागत नाही. नव्या शाखेत आधार जोडणीचा संमतीअर्ज द्यावा आणि यूआयडीएआयच्या (आधार प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर बँकेचे नाव बदलल्याची खात्री करावी. नव्या खात्यात एक हप्ता प्रत्यक्ष पडेपर्यंत जुने बंद करू नये. या खात्यात मजुरी, उसनवारी किंवा मुलाचा पगार टाकू नये. पैसे मिसळले की कोणते अनुदानाचे हे दाखवणे कठीण जाते, आणि दावे इथेच हरले जातात. जुने मँडेट त्याचा यूएमआरएन (मँडेटचा ओळख क्रमांक) देऊन लेखी रद्द करावे. त्याने कर्ज मिटत नाही. थकबाकी, व्याज आणि जामीनदाराची जबाबदारी कायम राहते, म्हणून हप्ता कमी करून घेण्याची बोलणी सोबत सुरू ठेवावी.

पैसे कापले गेल्यास

शाखा व्यवस्थापकाला अर्ज द्यावा. सोबत मंजुरीआदेश, यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) कार्ड आणि नोंद दिसणारे पासबुकाचे पान जोडून दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते; माहितीसाठी क्रमांक १४४४८. वसुली एजंटाने सकाळी ८ पूर्वी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन केल्यास वेळेसह लिहून ठेवावे. तेही तक्रारीत घेता येते.

न्यायालयाने बँकेला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ नियम ४६अ खाली (खात्यातील रक्कम जमा करण्याची) नोटीस काढली असेल तर वाट पाहू नये. सिव्हिल लाइन्समधील जिल्हा न्यायालयात त्याच दरखास्तीत (वसुलीच्या अर्जात) याच संहितेच्या कलम ४७ व ६० खाली हरकत नोंदवावी. दिव्यांग व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो; जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाताना नोटीस, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि अलीकडच्या वर्षभराचे पासबुक न्यावे. प्रत्यक्ष जाणे जमत नसेल तर १५१०० वर फोन करावा.